फुकट दिलेला वजीर

"हात लागला, चाल झाली," हे काकांचं ठरलेलं वाक्य. म्हणताना उजव्या हाताचं एकच बोट मोबाईलवर आणि डावा हात पाठीमागे. बुद्धिबळाच्या पटावर ज्या मोहऱ्याला हात लावला तेच हलवायचं, हा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. पण मोबाईलवरसुद्धा तो पाळणारा माणूस मी एकच पाहिला. तुम्ही दुसरा पाहिला असेल तर सांगा.

अवधपुरी कॉलनीत आमच्या घराला घर लागून ते राहायचे. मूळचे नागपूरचे, पण सगळी नोकरी इथल्या कारखान्यात गेली, तयार माल तपासून पास-नापास करण्यात. काकू गेल्या आणि त्यांनी अंथरूणच धरलं. आजार कसलाच नव्हता. दहा वाजले तरी दुधाची पिशवी कडीला तशीच लटकलेली. एक दिवस मी तणतणत आत गेले आणि म्हटलं, "काका, उठायचं नाही का?"

"उठून करू काय, ते सांग न."

कॉलनीच्या ग्रुपवर रोज पहाटे उगवत्या सूर्याचे फोटो आणि 'उठा, जिंका' छापाचे सुविचार येतात. मी तेही दाखवले. काका म्हणाले, "हे पाठवणारा पाठवून पुन्हा झोपतो. त्याचं घोरणं मला इथे ऐकू येतं."

तरुणपणी ते बुद्धिबळ खेळायचे, हे काकूंनी मला सांगितलं होतं. मलाही तो नाद कॉलेजपासूनचा. मग त्यांच्या फोनवर खेळ टाकून दिला आणि बजावलं, रोज सकाळी सातला एक डाव. आठच्या बसने मला टी. टी. नगरचं ऑफिस गाठायचं असतं. दोन घरांत एक भिंत, आणि आम्ही ऑनलाइन! माझा फोन ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवलेला, काका त्यांच्या व्हरांड्यात. स्वतःची चूक झाली की पलीकडून "अरे बाप्पा!" ऐकू यायचं. माझ्या कुकरची तिसरी शिट्टी झाली की ओरडायचे, "आता चुकते बघा ही!" आणि मी खरंच चुकायची. हरले की दिवसभर ऑफिसातल्या फाइलींवर राग काढायची. इकडे काकांची दुधाची पिशवी मात्र साडेसहालाच आत जायला लागली.

दोन वर्षं असं छान चाललं. मग ते काहीच्या काही चाली करायला लागले. हत्ती हलवायचा तिथे शेजारचा घोडा हलवायचे. मी भिंतीआडून चिडवायची, "काका, घोडे काय फुकट वाटताय?" ते नुसते हसायचे. एकदा चहा घेऊन गेले तेव्हा कपबशीचा खडखड आवाज थांबेचना, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांचं बोट थरथरत होतं. ते भलत्याच मोहऱ्यावर पडायचं, आणि हा गृहस्थ नियम म्हणून तेच पुढे सरकवायचा!

"काका, फोनमध्ये सोडून देता येतं. दुसरं उचला. कोण बघतंय?"

"मी बघतो न."

यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी मुद्दाम हरायला लागले. मला वाटलं, रोज हरून माणूस पुन्हा अंथरूण धरेल. सलग तीन दिवस ते जिंकले. भिंतीपलीकडून चकार शब्द नाही. चौथ्या दिवशी मी सरळ वजीरच त्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवला. त्यांनी तो मारला, मात केली आणि पाच मिनिटांत माझ्या दारात उभे राहिले.

"पोरी, वजीर दिसला नाही तुला?"

"नाही हो काका, कुकरची शिट्टी झाली आणि..."

"आज तू कुकर लावलाच नाहीस."

 ते शांतपणे म्हणाले, "कारखान्यात तीस वर्षं लोकांचा माल नापास केला मी. शिव्या खाल्ल्या, पण खोटा शिक्का कधी मारला नाही. तू माझ्यावर मारलास."

चप्पल फरफटवत गेले. मी तिथेच हात जोडायला हवे होते. पण मलाही राग आला. एवढं यांच्यासाठी करायचं आणि वर हेच ऐकायचं? दुसऱ्या दिवशी सातला डाव मांडला, त्यांनी घेतला नाही. मग मीही बोलावलं नाही. महिनाभराने त्यांची नागपूरला राहणारी मुलगी त्यांना तिकडे न्यायला आली. गाडीत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.  तेव्हासुद्धा माझ्या तोंडून 'चुकलं' हा शब्द निघाला नाही. जीभ काय झडली असती?

पुढच्या उन्हाळ्यात ते गेल्याचं कळलं. त्यानंतर मुलगी घर रिकामं करायला आली. चहा घेताना मी भीत भीत विचारलं, तिकडे पुन्हा अंथरूण धरलं होतं का?

"छे हो ताई! शेवटच्या दिवसापर्यंत सहाला उठायचे. फोनवर कुणाकुणाशी खेळायचे आणि रोज हरायचे. मग हसत हसत सांगायचे, आज एका पोराने मला पार धुतलं, उद्या बघतो त्याला. आणि दोन पोळ्या जास्त खायचे."

ती गेल्यावर मी माझ्या फोनवर त्या खेळातलं काकांचं खातं उघडलं. वर अलीकडचे, अनोळखी लोकांशी हरलेले डाव, एकाखाली एक, किती तरी. प्रत्येक डाव शेवटपर्यंत खेळलेला. खूप खाली गेल्यावर माझं नाव आलं. शेवटचे चार डाव, चारही काकांनी जिंकलेले. ते पुसायची सोय कुठे आहे का, हे मी बराच वेळ शोधत बसले. नाही.