एक मूल, एक पास आणि शेजारची गच्ची

गेल्या रविवारी आमच्या ज्ञानदाची स्विमिंग मीट होती, देवनहळ्ळीच्या अलीकडे एका शाळेत. म्हणजे अंधारात उठणं, कारमध्ये उपमा आणि निम्म्या रस्त्यात "गॉगल कुठेय?"... सगळं रीतसर पार पडलं.

आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज आला होता. एका मुलामागे एकच पालक आत, जागा कमी आहे, सहकार्य करा. तो एक पालक म्हणजे मीच, असं मी धरूनच चालले होते. पण आमच्या दहा वर्षांच्या कन्येने निकाल दिला, "बाबा येऊ दे. तू आलीस की पोहते मी आणि धाप तुला लागते."

समीर, म्हणजे माझा नवरा, पास गळ्यात अडकवून नवरदेवासारखा आत गेला. मी गेटवरच्या सिक्युरिटीला गाठलं आणि माझ्या पुणेरी कन्नडमध्ये सांगितलं की मी आई आहे. तो शांतपणे म्हणाला, "इल्ली एल्लारू अम्मंदिरे, मॅडम." इथे सगळ्या आयाच आहेत! मागे वळून बघितलं... खरंच होतं. आया, आणि अधूनमधून चेहरा पाडलेले बाबा.

माझा जीव उगाच वरखाली होत नव्हता. मागच्या मीटला ज्ञानदा मधेच लेनची दोरी धरून थांबली होती आणि नंतर कितीतरी दिवस पूलकडे फिरकली नव्हती. नंबर गेला खड्ड्यात, आज ती शेवटपर्यंत पोहते का एवढंच मला बघायचं होतं.

लाइव्ह स्ट्रीमिंग आहे म्हणे. फोनवर लावलं, तर स्क्रीनभर कोणाचं तरी टक्कल आणि मागून शिट्टीचा आवाज.

तेवढ्यात शाळेला लागून असलेल्या घराच्या गच्चीवरून एका बाईंनी आम्हाला हाक मारली, "मेले बन्नी!" वर या! आम्ही सगळे अनोळखी पालक चपला खाली काढून वर पळालो. गच्चीभर पापड वाळत घातले होते. त्या अक्कांची एकच अट... काय वाट्टेल ते करा, पापडावर पाय देऊ नका.

गच्चीवरून पूल दिसत होता, पण अर्धाच. उरलेल्या अर्ध्यावर एका नारळाच्या झावळ्या. मुली पोहत पोहत झावळ्यांआड जायच्या आणि पलीकडची भिंत शिवून परत आल्या की पुन्हा दिसायच्या.

समीरचा मेसेज आला, "लेन चार." खाली शिट्टी वाजली, लेन चारमधून आमची निळी टोपी पाण्यात पडली आणि मी सुरू झाले. "ज्ञानदाऽऽ! पाय मार! थांबू नकोस!" झावळ्यांतून सगळ्यात आधी निळी टोपीच बाहेर आली. मग तर अख्खी गच्ची ओरडायला लागली. पहिली! माझी मुलगी पहिली! मी शेजारच्या बाईंना मिठी मारली, डोळे पुसले आणि समीरला फोन लावला.

"अगं, कसलं अभिनंदन? ज्ञानदाची हीट पुढची आहे, आत्ता लागतेय."

माझ्या बाजूला एक सडपातळ गृहस्थ मघापासून कठड्याला धरून गप्प उभे होते. त्यांनी घसा खाकरला. "मॅडम... अदु नम्म चैत्रा." ती आमची चैत्रा होती.

मला गच्ची दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "अहो, मग सांगायचं ना!"

हे मंजुनाथ. होसकोट्याहून बाइकवर आले होते, बायको पास घेऊन आत. हिंदी-कन्नड मिसळून म्हणाले, "तुम्ही इतकं छान ओरडत होतात... मला चारचौघांत ओरडायला जमत नाही. तिच्यासाठी आजवर कोणी असं ओरडलंच नव्हतं. म्हटलं, होऊ दे."

पुन्हा शिट्टी. या वेळी खरी ज्ञानदा. मी तोंड उघडलं आणि आतून नुसती हवा आली. माझा आवाज संपला होता... दुसऱ्याच्या मुलीवर!

मुली झावळ्यांआड गेल्या. मग एकेक करून बाहेर आल्या. ज्ञानदा नाही. मी कठडा घट्ट धरला. नक्की दोरी धरून उभी असणार, नक्की रडत असणार...

आणि माझ्या कानाशी कोणीतरी गरजलं, "ग्नानदाऽऽ! बा! बा! बेगा बा!" ये, लवकर ये! मंजुनाथ! मान ताणून, कपाळाची शीर फुगवून, चुकीच्या उच्चारात. खालची वरची सगळी माणसं आमच्याकडे बघायला लागली, पण ते थांबेनात.

झावळ्यांतून निळी टोपी बाहेर आली. हळू, अगदी गोगलगायीसारखी, पण आली. शेवटचा नंबर. तिने भिंतीला हात लावला तेव्हा मी त्या बिचाऱ्या अक्कांच्या पापडांत बसकण मारली होती.

लंच ब्रेकमध्ये गेटवर सगळे भेटलो. ज्ञानदा अभिमानाने नुसती फुगली होती, "आई, मी थांबले नाही!" चैत्रा मात्र कमरेवर हात ठेवून वडिलांसमोर उभी. तिची तक्रार कन्नडमध्ये होती, पण मला अक्षर न् अक्षर कळली... हिच्यासाठी ओरडलात, माझ्यासाठी का नाही?

दुपारी चैत्राची बॅकस्ट्रोक होती. आमचं काम संपलं होतं, पण आम्ही थांबलो, आणि समीरसकट पुन्हा गच्चीवर. शिट्टी झाली. मंजुनाथांचे ओठ हलले, आवाज फुटेना. मग आम्ही सगळ्यांनीच, मी बसक्या घशाने का होईना, "चैत्रा! चैत्रा!" सुरू केलं आणि त्यात हळूहळू त्यांचा आवाज मिसळला... मग आमच्या सगळ्यांच्या वर गेला.

चैत्रा चौथी आली. पोहता पोहता हसत होती, त्यामुळे नाकातोंडात पाणी गेलं म्हणे.

निघताना मंजुनाथांना थँक्यू म्हणायचं होतं, त्यांनाही काहीतरी म्हणायचं होतं. दोघांचेही घसे साफ बसलेले. मग आम्ही एकमेकांना नुसते हात जोडले.