दादा पश्चिमेला दिसला

मुरबे गावात आमच्या आळीत निमेशइतका बिनकामाचा माणूस दुसरा नाही, हे मी त्याच्या तोंडावरही सांगत आलोय. अंगाने दणकट, पण बोटीवर चढला की पोटातलं सगळं बाहेर. मच्छीमाराच्या पोराला समुद्र लागतो म्हटल्यावर लोक सोडतात होय? बायका बाजाराला जाताजाता त्याच्या हातात लिंबू ठेवायच्या आणि खिदळत पुढे जायच्या. मग तो बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगला लागला. तिथे कामाच्या वेळात मोबाईलवर गेम खेळताना सुपरवायझरने पकडलं आणि घरी धाडलं. आला तो पुन्हा ओट्यावर बसला. मान खाली, दोन्ही अंगठे चालू.

तो गेम असा, की शंभर जण विमानातून एका बेटावर उड्या मारतात आणि एकमेकांना गोळ्या घालतात. शेवटी उरेल तो जिंकला. जोडीदार गोळी लागून गुडघ्यावर आला, तर त्याच्या जिवाची पट्टी संपायच्या आत त्याच्याजवळ जाऊन बटण दाबून त्याला उचलायचं. यात म्हणे निमेशचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात कोणी नव्हता. मोठेच दिवे लावले!

त्याचा मोठा भाऊ कमलाकांत. रामनाथ तांडेलच्या बोटीवर खलाशी. त्याच्या कामाला नाव ठेवायची कोणाची हिंमत नव्हती. हा कमलाकांत घरी असला की धाकट्याचं मन राखायला त्याच्याशेजारी बसून खेळायचा. खेळात अगदीच ढ. पहिल्या झटक्यात पडायचा आणि ओरडायचा, "निमेश, उचल रे मना!" आणि निमेश गोळ्या चुकवत यायचा आणि उचलायचा. कमलाकांतची बायको पुष्पलता आतून म्हणायची, "हाय ती दोगंबी पोरंच." पण हसून म्हणायची. निमेशला माणसासारखं वागवणारं एवढं एकच घर होतं.

नारळी पौर्णिमा होऊन थोडेच दिवस झाले होते, दर्या अजून खवळलेला होता. पहाटे जाळं ओढताना लाट आली आणि कमलाकांतला घेऊन गेली. रामनाथने प्लास्टिकचा रिकामा कॅन त्याच्याकडे फेकला. त्याने तो धरलेला सगळ्यांनी बघितला. पुढच्या लाटेत तो दिसेनासा झाला. बोटीचं इंजिन आचके देत होतं, म्हणून रामनाथ मदत आणायला मागे फिरला आणि ओहोटीच्या आत कसाबसा खाडीत शिरला.

पण आमच्या खाडीत इतका गाळ आहे, की भरती आल्याशिवाय बोटी बाहेर पडत नाहीत. भरती संध्याकाळी होती. डिझेल भरलेल्या दोनच बोटी होत्या, आणि तसल्या हवेत बोट एकटी पाठवत नाहीत, जोडीनेच जातात. म्हणजे शोधायला एकच दिशा मिळणार होती.

रडूनरडून थकलेला निमेश दुपारी पडवीत आडवा झाला आणि त्याचा डोळा लागला.

स्वप्नात तो विमानातून उडी मारतो. खाली तारापूरचं वीजकेंद्र, सातपाटीच्या बोटी, सगळं गेममधल्यासारखं चकचकीत. बोईसरच्या कारखान्यांकडून पिवळ्या धुराची भिंत सरकत येतेय आणि तिच्या पुढे गाव पळतंय. बोंबील वाळत घालायच्या काठ्यांवर बंदुका टांगल्यात. त्याची आई मासळीच्या पाटीत गोळ्या घेऊन बसलीय आणि गिऱ्हाइकाशी दरावरून भांडतेय. लिंबू देणाऱ्या बायका कौलांवरून नेम धरून बसल्यात. आणि पश्चिमेला, मोठ्या बोयाच्या, म्हणजे बोटींना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या पिंपाच्या पलीकडे, पाण्यावर जोडीदाराची हिरवी खूण लुकलुकतेय. तिथे कमलाकांत गुडघ्यावर बसलाय. डोक्यावर जिवाची पट्टी, लाल होत चाललेली. "उचल रे मना!" निमेश पाण्यावरून पळत जातो. बटण दाबतो. बटण लागत नाही.

तो ओरडत उठला.

आमच्याकडे एक रीत आहे. दर्यात माणूस हरवला, की शोधाच्या बोटी सुटण्याआधी घरच्यांना विचारतात, "कोनाला दिसला काय?" जवळच्या माणसाला हरवलेला माणूस स्वप्नात जागा दाखवतो, असं आम्ही मानतो. आणि घरच्याने दाखवलेली दिशा मोडायची नाही. मोडली आणि माणूस गेला, तर ते पाप बोट नेणाऱ्या तांडेलाच्या माथी.

संध्याकाळी बंदरावर सगळं गाव जमलं. रामनाथ म्हणाला, "वारा नि भरती दोनी उत्तरेला ओडतात. डहाणूच्या अंगाला बगू." मग रीत म्हणून त्याने विचारलं, "कोनाला दिसला काय?"

आईने नाही म्हणून मान हलवली. पुष्पलतानेही. निमेश पुढे झाला.

"दादा मना दिसला. पश्चिमेला, मोट्या बोयाच्या पल्याड."

"कसा दिसला?"

इथे त्याने सांगायला हवं होतं. विमान, बंदुका, हिरवी खूण, सगळं. रामनाथने कानाखाली वाजवली असती आणि बोटी उत्तरेला गेल्या असत्या. पण जन्मात पहिल्यांदा अख्खं गाव त्याच्या तोंडाकडे बघत होतं आणि कोणी हसत नव्हतं. गेमचं नाव काढलं असतं तर हसले असते.

"पान्यात बसलाय. हात वर करून हाका मारतोय," तो म्हणाला.

आईने हंबरडा फोडला. पुष्पलता रामनाथच्या पाया पडली, "पश्चिमेलाच चला." रामनाथने एकदा वाऱ्याकडे बघितलं आणि सुकाणू पश्चिमेला वळवलं.

रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस त्यांनी पश्चिमेचं पाणी पिंजून काढलं. हात हलवत परतले. डिझेल भरून, पुन्हा भरती धरून उत्तरेला निघेपर्यंत तिसरी सकाळ उजाडली होती. तोवर डहाणूकडच्या एका बोटीला तो सापडलाही होता. कॅनला मिठी तशीच. अंग अजून फुगलंही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, जीव जाऊन फार तर चार तास झालेत. मिठी सुटेना म्हणून शेवटी कॅन कापला.

बारावं झालं. मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. निमेश येऊन वहिनीच्या पायाशी बसला आणि सगळं ओकला. बोटीवर ओकल्यावर मागायचा तसं पाणी मात्र त्याने कोणाला मागितलं नाही.

"वयनी, सपनात गेम व्हता," तो शेवटी म्हणाला. "मी बोललो नाय."

मला वाटलं ती त्याला मारेल. मारावं, असं मला फार वाटत होतं. ती आत गेली आणि कमलाकांतचा मोबाईल घेऊन आली. त्या दिवशी तो घरीच चार्जिंगला राहिला होता.

"ते यात हायेत ना? दाकव."

निमेशने गेम उघडला. कमलाकांतचा माणूस पडद्यावर उभा होता, हिरवी बंडी घातलेला. छाती हलत होती, श्वास घेतल्यासारखी. पुष्पलताने पडद्यावरून बोट फिरवलं.

"खेळ."

तो खेळू लागला. डोळ्यांतलं पाणी पडद्यावर पडून अंगठे घसरत होते.

"पान्यात ने त्यांना."

"वयनी..."

"ने."

त्याने नेलं. माणूस गळ्यापर्यंत गेला, मग डोक्यावरून पाणी गेलं. पट्टी उतरत उतरत लाल झाली आणि संपली. पडद्यावर माणसाच्या जागी एक पेटी तरंगत राहिली.

"लगेच मेले," पुष्पलता म्हणाली. "माज्या मानसाला दोन राती लागल्या."

निमेशने मोबाईल खाली ठेवला. तिने तो उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला. आवाज चढला नव्हता, डोळेही कोरडे होते.

"परत," ती म्हणाली.

आणि त्याने परत पहिल्यापासून सुरू केलं.