सात गोठे

कुणाची शेळी अडली की मावशीला बोलावणं यायचं. आत हात घातला की कुठला पाय अडकलाय, मान कुठे वळलीय, हे तिला डोळ्यांनी दिसावं तसं कळे. वस्तीतले लोक गमतीने म्हणायचे, आपल्या जन्माच्या वेळी मावशी असती तर आपली डोकी इतकी वाकडी निघाली नसती.

त्या हिवाळ्यात शेजारच्या शिंप्याची चार महिन्यांची गाभण शेळी गाभडली. मावशीने मेलेलं करडू ओढून काढलं, अडकलेली वार सोडवली, कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि तशीच पुढच्या गोठ्यात गेली. तिथे एक शेळी व्यायला टेकली होती. ती सुखरूप व्याली, पण महिन्याभरात त्याच गोठ्यातल्या दोन गाभडल्या. मग तिसऱ्या गोठ्यातल्या. मावशीला संध्याकाळी ताप भरायचा, घामाने अंथरूण भिजायचं, सकाळी पुन्हा काही नाही. गुडघे तर धरलेच होते. "वय झालं," म्हणायची आणि बोलावणं आलं की उठायची.

शेवटी तिच्याच अकरा शेळ्यांपैकी सहा गाभडल्या, तेव्हा जनावरांची डॉक्टर रक्त न्यायला आली. चार दिवसांनी अहवाल घेऊन ती पुन्हा आली, ती दारातच उभी राहिली.

"ब्रुसेला आहे, मावशी. गाभडवणारा जंतू. पडलेली करडं कोण उचलायचं?"

"मीच."

"हातमोजे?"

"मोजे घालून आतलं काय कळणार, बाई?"

डॉक्टर हसली नाही. "हा जंतू माणसालाही धरतो. आणि इथून कुठे कुठे गेलात?"

मावशी बोटं मोजू लागली. शिंपी, सुतार, दूधवाली... सातव्या गोठ्याशी थांबली. "म्हणजे हे मीच पसरवलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"नव्हतं. पण पसरवलं मीच ना?"

डॉक्टरची नजर आत चुलीपाशी बसलेल्या सुनेकडे गेली होती. सुनेला पाचवा महिना होता. रोज सकाळी धारोष्ण दुधाचा पेला मावशीच तिच्या हातात द्यायची.

पंधरा दिवसांनी सुनेला ताप चढला आणि दवाखान्यात तिचं मूल गेलं. यामुळेच गेलं असं छातीठोक सांगता येत नाही, असं तिथले डॉक्टर म्हणाले. पण रक्तात तोच जंतू निघाला. मावशी खाटेजवळ गेली तेव्हा सुनेने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मावशी सातही घरी गेली. कुणी बसायला सांगितलं नाही. शिंपीण म्हणाली, "माझ्या तीन गेल्या. आता येऊन काय सांगतेस?"

"दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. पडलेलं करडू हाताने उचलू नका, चुना टाकून खोल पुरा. आणि रक्त तपासून घ्या." मावशीने एका दमात सांगितलं आणि पुढच्या दाराकडे वळली. सुताराने तर दार उघडलंच नाही; तिने खिडकीतून सांगितलं.

रोगट शेळ्या मारण्यासाठी नेणारी गाडी आली, तेव्हा तिने आपल्या शेळ्या आधी सोडल्या. एकेकीला नावाने हाक मारून चढवलं. मग सहा आठवडे गोळ्या घेतल्या. ताप गेला, गुडघे राहिले.

सून दोन महिन्यांनी माहेरून परतली. सासूशी ती कामापुरतं बोलते. पुन्हा दिवस गेलेले नाहीत, आणि त्या घरात तो विषय कुणी काढत नाही.