वरून ओतलेलं पाणी

अ‍ॅशबर्न सोडताना आईचा नेहमीचा प्रश्न आला, "या घरांना खिडक्या कशा नाहीत गं?" रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डेटा सेंटरच्या राखाडी भिंती होत्या. आत माणसं नाहीत, मशीन आहेत, आणि त्या थंड ठेवायला पाणी लागतं, हे मी तिला पुन्हा एकदा सांगितलं. "म्हणजे इथे मशीनचा नंबर आधी," असं म्हणून तिने पायांवर शाल ओढून घेतली.

आई नागपूरहून माझ्याकडे अमेरिकेत आली ती दुखरे गुडघे घेऊनच. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एका काकूंनी डोंगरातल्या गरम झऱ्यांच्या गावाचं नाव सुचवलं. "आईंना तिथे डुंबवून आण, बघ फरक पडतो की नाही." इंग्रज वसाहतवाल्यांनी आपल्या देशातल्या एका झऱ्यांच्या गावाचं नाव जसंच्या तसं या गावाला चिकटवलं. सांधे धरलेले जमीनदार बग्ग्यांमधून इथे यायचे, पाणी प्यायचे, पत्ते कुटायचे. नाव मी मुद्दाम लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच.

डोंगर लागले तसं फोनचं नेटवर्क गेलं आणि मी थेट एका चर्चच्या पार्किंगमध्ये जाऊन पोचले. आईने काच खाली केली आणि लगेच वर केली. "कुणाची अंडी सडली?" तो झऱ्यातल्या गंधकाचा वास होता. म्हणजे गाव आलं होतं.

आम्ही उतरलो लोरेट्टाबाईंच्या घरी. आईच्याच वयाच्या या कृष्णवर्णीय बाई बरीच वर्षं शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या. वरच्या खोल्या प्रवाशांना देतात. सकाळी त्यांनी पुढ्यात ग्रिट्स (मक्याच्या भरड्याची पेज) ठेवले. आईने एक चमचा खाल्ला, पर्समधून जवसाच्या चटणीची डबी काढली आणि स्वतःच्या आणि न विचारता बाईंच्याही वाटीत चटणी घातली. बाईंनी खाऊन बघितलं, डबी आपल्याकडे ओढली आणि दोघींची दोस्ती झाली. मधे भाषांतराला मी होतेच.

झऱ्याची टूर आज करणार, असं मी म्हटलं तर लोरेट्टाबाई म्हणाल्या, "मीही येतेय. दर शनिवारी जाते."

"दर शनिवारी? काय बघायला?"

"बघायला नाही. ऐकायला. आणि एक वाक्य दुरुस्त करायला."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची आई, रूबी, झऱ्याच्या स्नानगृहात जन्मभर कामाला होती. गोऱ्या बायकांच्या पाठी चोळायच्या, टॉवेल धुवायचे, डोक्यावर गरम पाणी सोडायचं. पण तिला स्वतःला त्या पाण्यात पाय बुडवायची परवानगी नव्हती. प्यायला मागच्या दारी एक तोटी होती, तिच्यात साधं विहिरीचं पाणी. लहानपणी लोरेट्टा आईला डबा द्यायला जायची, ती त्याच दाराशी. आता टूरमध्ये गाइड सांगतो, या पाण्याने कधी कुणाला नाही म्हटलं नाही. त्या वाक्याला लोरेट्टाबाई हात वर करतात आणि म्हणतात, माझ्या आईला म्हटलं होतं.

"मला बाकी काही नको. टूरमध्ये तिचं नाव एकदा घ्या. घेऊ म्हणाले, घेतलं नाही. गेल्या आठवड्यात वर मलाच सांगितलं, पुन्हा मधे बोललात तर प्रवेश बंद."

मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने चमचा खाली ठेवला. "लोरेट्टाने पिऊन पाह्यलं का ते पाणी? एकदा तरी?"

मी विचारलं. लोरेट्टाबाईंनी मान हलवली. "त्यांच्या हातून? कधीच नाही."

आईला यात काही समजावून द्यायची गरज नव्हती. तिच्या वडिलांच्या गावी विहिरीला हात लावायची आमच्या लोकांना बंदी होती. काठावरचा कुणी वरून पाणी ओतणार आणि आपण खाली बसून ओंजळीत घेणार, तेही त्याची मर्जी असेल तर. आजोबा पुढे महाडला जाऊन आले, तळ्याच्या पायऱ्या उतरून स्वतःच्या हाताने पाणी प्यायले, आणि घरी येऊन फर्मान काढलं: वरून ओतलेलं पाणी या घरात कुणी प्यायचं नाही. ते फर्मान आई आजही पाळते. लग्नाच्या पंगतीत वाढपी जग घेऊन आला की ती जग त्याच्या हातातून काढून घेते आणि स्वतः ओतून घेते. लहानपणी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

झऱ्यावर एक पांढरी, गोल घुमटी बांधलेली आहे. आत दगडी पायऱ्या, तळाशी बुडबुडणारं हिरवट पाणी. गाइड पन्नाशीचा, डोक्यावर पांढरा टोप, गुडघ्यापर्यंत विजार आणि वर मोजे. हा म्हणे डिपर (पूर्वी पाहुण्यांना झऱ्यातलं पाणी काढून देणारा माणूस). हातात लांब दांड्याचं पितळी ओगराळं. गोष्टी मात्र झकास सांगत होता. कोणता सेनापती कुठे घसरून पडला, कोणत्या बाईसाहेबांचा विग पाण्यात वाहून गेला. सगळे हसत होते. लोरेट्टाबाई मागे भिंतीला टेकून, पर्स दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या.

मग ते वाक्य आलं. "या पाण्याने कधी कुणाला नाही म्हटलं नाही."

लोरेट्टाबाईंचा हात उठला नाही. त्या खाली बघत राहिल्या. मला भयंकर राग आला.

आईने मला कोपराने ढोसलं. "काय म्हणाला तो?" मी सांगितलं. तिने हात वर केला. आयुष्यभर वर्गात पोरांना हात वर करायला लावलेली बाई, कोपर अगदी सरळ.

"सांग त्याला," ती खणखणीत मराठीत म्हणाली, "पाण्याला कायले बोलतो? माणसं नाही म्हणत होती. इथे रूबी नावाची बाई काम करत होती. तिला हे पाणी कुणी पिऊ दिलं नाही. तिकीट मीबी काढलं आहे, मले पूर्ण गोष्ट पाहिजे."

आई चिडली की तिच्यातली मास्तरीण जाते आणि गावची वऱ्हाडी वर येते. मी शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला, आवाज तिच्याइतकाच चढवून. गाइड टोपाखाली लाल झाला. "प्रश्न आपण शेवटी घेऊ," असं म्हणून त्याने घाईघाईने ओगराळं बुडवलं आणि वरूनच आईपुढे धरलं. "मॅडम, कप पुढे करा."

आईने हातातला कागदी कप माझ्याकडे दिला आणि पायऱ्यांपुढे बांधलेली दोरी ओलांडली.

"अहो, पाण्याला हात लावायची परवानगी नाही!"

ज्या गुडघ्यांसाठी आम्ही एवढं आलो, तेच गुडघे वाकवून ती कण्हत, भिंत धरून पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर बसली, दोन्ही हात झऱ्यात घातले आणि ओंजळभर पाणी प्यायली. तोंड वाकडं केलं. चव भयंकर होती, हे तिने मला नंतर सांगितलं. मग मान वळवून हाक मारली, "लोरेट्टा, ये!"

याला भाषांतर लागलं नाही. लोरेट्टाबाईंनी पर्स माझ्याकडे दिली आणि खाली गेल्या. त्यांनी दोन्ही हात पाण्यात बुडवले. मग प्यायल्या, आणि घुमटीत आवाज फिरेल अशा बेताने आपल्या आईचं पूर्ण नाव घेतलं, "रूबी मे टॉलिव्हर." गाइड ओगराळं धरून उभाच. बाबागाडीवाल्या एका बाईने आपला कागदी कप कठड्यावर ठेवला. कुणी तरी "चला, उशीर होतोय" असं पुटपुटलं.

आम्हाला तिघींना बाहेर काढलं, अगदी नम्रपणे.

परतताना मी पर्यटक म्हणून काय पाहिलं याचा हिशोब करत होते. स्नान राहिलं, संग्रहालय राहिलं, आईचे गुडघे तर सुजले. पण लहानपणी पंगतीत ज्या हट्टाची मला लाज वाटायची, तोच हट्ट मी आज इंग्रजीत मोठ्याने बोलले होते, आणि मला विलक्षण बरं वाटत होतं.

घरी पोचलो तोच लोरेट्टाबाईंचा फोन आला. त्यांना कायमचा प्रवेश बंद झाला होता. "वाईट वाटून घेऊ नका," त्या म्हणाल्या, "पण आता शनिवारी ते वाक्य कुणी दुरुस्त करणार नाही."

मी आईला सांगितलं. शुक्रवारचं तिचं नागपूरचं विमान होतं, अर्धी बॅग भरून झाली होती. ती गुडघ्याला बाम चोळत होती.

"मला बंद केलं का?"

"तुझं नाव त्यांना माहीत नाही."

"मग विमानाचं तिकीट बदल," ती म्हणाली, "आणि तिला सांग, शनिवारी आम्ही येऊन राहिलो."