पाठराखीण

आत्यांना राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. इतका, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे. काशीतल्या भोसले घाटामागच्या आमच्या गल्लीत त्या आवाजाचा धाक मोठा होता. त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. नागपूरकडच्या, अविवाहित, युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री शिकवणाऱ्या. मी त्यांची एमएस्सीची विद्यार्थिनी आणि त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बँकवाल्यांची मुलगी. गल्लीतले लोक मात्र त्यांना ‘आँखवाली आत्या’ म्हणत, आणि नाक मुरडून म्हणत.

कारण आत्या रोज सकाळी मटणाच्या दुकानातून बकऱ्यांचे डोळे आणत. बर्फाच्या थर्मासमध्ये, सायकलरिक्षात मांडीवर घेऊन. ब्राह्मणाची बाई कसायाच्या दारात उभी राहते, म्हणून गणेशोत्सवात गल्लीतल्या बायकांनी त्यांना मोदकांच्या सोवळ्यातून बाहेर काढलं. आत्या खालच्या आवाजात एवढंच म्हणाल्या, “मोदक कोरडे झालेत. उकड नीट मळत जा.” आणि निघून गेल्या. मला मात्र त्या बायकांचा आजही संताप येतो. त्यांतल्या अर्ध्या जणी मोतीबिंदू झाल्यावर गुपचूप आत्यांनाच विचारायला यायच्या, कुठला डॉक्टर चांगला म्हणून.

आत्यांचं काम मोतीबिंदूवरच होतं. आपल्या डोळ्यातलं भिंग प्रोटीनचं असतं, आणि ते प्रोटीन जन्मभर बदललं जात नाही. ऊन, धूर, वय यांनी त्याच्या घड्या विस्कटतात, मग ते एकमेकांना चिकटून गोळा होतं आणि भिंग पांढरं पडतं. पण त्याच भिंगात दुसरं एक प्रोटीन असतं. ते विस्कटलेल्यांना धरून ठेवतं, गोळा होऊ देत नाही. शॅपरोन म्हणतात त्याला. नुकताच शोध लागला होता तो. आत्या म्हणायच्या, “आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरी पाठवतात ना, ती पाठराखीण. ही थकली, संपली, की डोळा गेला.”

त्यांनी एकदा मला दोन नळ्या गरम करून दाखवल्या. एकीत नुसतं भिंगाचं प्रोटीन, ते दुधासारखं पांढरं झालं. दुसरीत पाठराखीण मिसळलेली, ती पाण्यासारखी नितळ राहिली. मी बघतच राहिले. “बकरीच्या डोळ्यात हीच, गल्लीतल्या त्या आंधळ्या कुत्र्याच्या डोळ्यात हीच, आणि गुरुजींच्याही डोळ्यात हीच,” आत्या म्हणाल्या. “तिला सोवळं ठाऊक नाही.”

गुरुजी म्हणजे आमच्या गल्लीतले मोठे वैदिक. त्यांची विधवा काकू, माईकाकू, काशीवासाला म्हणून त्यांच्याकडे राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंतीला हात लावत नळापर्यंत जायची, ताटातली भाजी चाचपून ओळखायची. आत्या मला घेऊन गुरुजींच्या ओसरीवर गेल्या. म्हणाल्या, “उजवा डोळा पार पिकलाय. आता थांबलात तर आत फुटेल, मग ब्रह्मदेव आला तरी दिसायचं नाही. मी नेते, मी आणते, तुम्ही फक्त हो म्हणा.”

गुरुजी हसले. “अहो, ती इथे मरायला आलीय. आता काय बघायचं राहिलंय तिचं?”

आत्यांचा आवाज इतका उतरला की मला मागे उभं राहून जेमतेम ऐकू आला. “मरायला आली असेल. अजून मेलेली नाही.”

गुरुजी हो म्हणाले नाहीत. आधी श्रावण होता, मग पितृपक्ष, मग घरात लग्न. आत्या जात राहिल्या, ते टाळत राहिले. माईकाकू आतून ऐकायची आणि काहीच बोलायची नाही. ज्याचं अन्न खायचं त्याच्यासमोर काय बोलणार ती? एका सकाळी ती डोकं धरून किंचाळायला लागली. डोळा लालभडक, उलट्या. आत्यांनी कुणालाही न विचारता तिला रिक्षात घातलं.

डॉक्टर म्हणाले, “मोतियाबिंद पककर फट गया. प्रेशर से नस सूख गई. यह आँख तो गई, माताजी. चार महीने पहले लाते तो बच जाती.” डावा डोळा तेवढा वाचला. ऑपरेशन झालं, जाड भिंगाचा चष्मा आला. पट्टी काढल्यावर माईकाकूने आधी आपले हात बघितले, उलटे सुलटे. म्हणाली, “अगं बाई, किती म्हातारी झाले मी!” आणि खुदकन हसली. आत्या दाराबाहेर जाऊन रडल्या. आनंदाने नव्हे. त्या उजव्या डोळ्यासाठी.

गुरुजींनी पुढे प्रवचनात सांगितलं, विश्वनाथाच्या कृपेने काकूला दृष्टी आली.

आत्यांची नोकरी तात्पुरतीच होती. मुदत संपली तेव्हा वरिष्ठ म्हणाले, “आपके ऊपर कौन-सी गृहस्थी है?” आणि ती जागा एका गृहस्थाला दिली. आत्या दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत गेल्या. विलायतेत तेव्हा गाई वेड्या होऊन मरत होत्या. त्यांच्या मेंदूतल्या प्रोटीनच्या घड्या का चुकतात आणि तिथे कुणाची पाठराखण कमी पडते, हे त्यांना बघायचं होतं. माईकाकू स्टेशनवर आली, फलाटाच्या पायऱ्या स्वतः उतरली. आत्यांची हनुवटी धरून म्हणाली, “थांब, नीट बघू दे. चेहरा तर गोड आहे गं. लोक उगाच घाबरतात.”

दोन वर्षांनी माईकाकू गेली. मणिकर्णिकेवरून माणसं परतल्यावर मी पीसीओवरून आत्यांना फोन लावला.

“शेवटपर्यंत दिसत होतं ना तिला?” त्यांनी विचारलं.

“हो, आत्या. परवापर्यंत तांदूळ निवडत होती.”

 मग अगदी हळू आवाज आला. “आणि त्या दुसऱ्या डोळ्याबद्दल गुरुजींना कुणी विचारलं का?”

“नाही.”

“मग तू विचार.”

तेराव्याला गुरुजींच्या ओसरीवर सगळी गल्ली बसलेली असताना मी विचारलं.  गुरुजींनी पळीतलं पाणी ताम्हनात सोडलं आणि म्हणाले, “पोरी, हे असं होईल हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?”

“तुम्हाला,” मी म्हणाले. “आत्यांनी याच ओसरीवर उभं राहून सांगितलं होतं. मी होते तिथे.”