आईचा डावा पाय
आईला झटका आला तेव्हा ती विहिरीवर धुणं धूत होती. डोंबिवलीत पश्चिमेला, कोपरच्या बाजूला दोन खोल्यांत आम्ही दोघी राहत होतो. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती, थोरला भाऊ संसार घेऊन ठाण्याला गेला होता आणि मी कल्याणच्या एका शाळेत शिकवत होते. शेजारच्या काकूंनी पाहिलं. हातातलं लुगडं सुटलं म्हणून आई वाकली, ती तशीच डाव्या अंगावर कलंडली.

डॉक्टरांनी तीन आठवडे अंथरुणातून हलवू नका म्हणून बजावलं. आम्ही ते पाळलं. तिचं बोलणं हळूहळू सुधारलं. डावा हात लुळाच राहिला, पायात मात्र थोडा जोर आला. "आता बसवा," डॉक्टर म्हणाले. आम्ही वडिलांची आरामखुर्ची दारापाशी ओढली आणि तिला तीत बसवलं. पुढचं जवळजवळ वर्षभर ती त्या खुर्चीतच होती.

पहाटे पाणी भरायचं, तिचं सगळं आवरायचं, डबा करायचा, तिला खुर्चीत बसवायचं आणि कल्याणची गाडी गाठायची. संध्याकाळी परतले की ती बसवली होती तशीच असायची. तिनं उठायला बघितलं तर मीच ओरडायचे, "आई, बस ना गं! पडलीस तर मी एकटी काय करू?" ती मुकाट्यानं बसायची. बसलेली आई मला सोयीची होती. हे लिहिताना आजही जड जातं, पण खरं तेच आहे.

काकू आणून द्यायच्या तो दुपारचा चहा तिनं सोडला. मला वाटलं, तोंडाची चव गेली असेल. मग एकदा काकूंनी मला बाजूला घेतलं. "अगं, तू येईपर्यंत ती पाणीसुद्धा पीत नाही. मागं संडासला न्यायला कुणाकुणाला सांगायचं, म्हणते."

पाय सुजायला लागला तेव्हा भाऊ ठाण्याहून एका डॉक्टरांना घेऊन आला. त्यांनी पाय गुडघ्यात वाकवून, ओढून पाहिला. तो पुरता सरळ होईना.

"हे नुसतं झटक्यामुळे नाही," ते म्हणाले. "बसून बसून आखडलाय. दिवसातून किती वेळा उठवता?"

"दोनदा," मी म्हटलं.

"तासातासाला उभं करा. चार पावलं टाकली तरी पुष्कळ."

"तासातासाला कोण करणार?"

डॉक्टरांनी बॅग उचलली. भाऊ त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेला.

तरी सुरुवात केली. शाळेच्या आधी आणि नंतर मी तिच्या डाव्या बाजूला उभी राहायचे आणि आम्ही खुर्चीपासून स्वयंपाकघरापर्यंत जायचो. दुपारी काकू जमेल तसं उभं करायच्या. डावं पाऊल जमिनीवर घासत यायचं आणि उंबऱ्याला अंगठा अडायचा.

"उचल ना गं."

"उचलतेय की."

दोघींना घाम फुटायचा. कितीदा तरी मीच म्हणाले, आज राहू दे.

वार्षिक परीक्षेचे दिवस होते. संध्याकाळी शेगडीवर आमटी ठेवून मी भिंतीला टेकले आणि डोळा लागला. चर्रर्र आवाजानं दचकून जागी झाले. आई शेगडीपाशी उभी होती. उजवा खांदा भिंतीला रेललेला, हातात तांब्या. कोळशांवर तिनं पाणी ओतलं होतं.

"करपत होती," ती म्हणाली. "तीनदा हाक मारली तुला."

"आणि पडली असतीस म्हणजे?"

"पडले नाही ना." मग माझ्याकडे बघत राहिली. "किती दमतेस गं तू."

तिचे पाय लटपटायला लागले. मी धरलं, पण मला पेललं नाही. दोघीही जमिनीवर बसलो, आणि काकू येऊन तिला उठवेपर्यंत तशाच बसून राहिलो. मी रडत होते, ती माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्यानंतर मी तिला बस म्हणणं सोडलं. सुताराला बोलावून भिंतीच्या कडेनं मागच्या दारापर्यंत लाकडी दांडी ठोकून घेतली. दिवाळीपर्यंत ती दांडीला धरून एकटी मागं जाऊ लागली. जाऊन यायला पाऊण तास लागायचा. दोनदा पडली, एकदा दांडी धरायचं उजवं मनगटच मोडलं. प्लास्टर निघेपर्यंत पुन्हा खुर्ची, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळं.

ती आणखी चार वर्षं जगली. पाय शेवटपर्यंत सरळ झाला नाही. भाऊ एकदा बोलून गेला, "पहिलं वर्ष वाया गेलं नसतं तर…" मी दोन महिने त्याच्याशी बोलले नाही. तो म्हणाला ते खोटं नव्हतं, म्हणूनच बहुधा. आईनं ते ऐकलं होतं. त्याच्यादेखत ती एवढंच म्हणाली, "तू रविवारी येतोस रे. बाकीचे दिवस हिचे असतात."