कुकरची शिट्टी न ऐकणारा माइक

संशय घेणं माझ्या रक्तातच आहे. माझे वडील इथल्या फॅक्टरीत तपासणी विभागात होते. तयार झालेला नग हातात घ्यायचा आणि त्यात खोट शोधायची, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. घरी आल्यावरही ते चालूच असायचं. दूधवाला, विजेचं मीटर, आमची प्रगतिपुस्तकं, कोणी सुटलं नाही. ते म्हणायचे, खडखडणारा नग स्वतःच सांगतो की मी बिघडलोय. जो गुपचूप बसतो त्याला आधी उघडून बघा. हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. वेळेवर मात्र आठवलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर आई माझ्याकडे, आमच्या शहरातल्या गोरखपुर भागात, राहायला आली. तोवर ती शहराच्या दुसऱ्या टोकाला महाराजपुरला भावाकडे असायची, पण भावाचं घर वरच्या मजल्यावर आणि आईचे गुडघे तळमजल्याचे. मी एकटी राहते आणि एका कंपनीचं प्रशिक्षणाचं काम घरूनच करते, तेव्हा सगळ्यांचीच सोय झाली. येताना तिने दोन पिशव्या कपडे आणि आपला इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला. फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये तिने कितीतरी वर्षं मुलींना गाणं शिकवलंय. आता ऐंशीला टेकली तरी सकाळी दहा वाजले की तंबोरा लावून बसते म्हणजे बसते.

आमच्या घरच्या लग्नांत मंगलाष्टकं आईच लिहिते आणि आईच म्हणते. छापील चालत नाहीत. नवरानवरीची नावं, दोन्ही घरं, आजोळ, गेलेली माणसं, सगळं वृत्तात बसवण्यात तिचा महिना जातो. पण लोक वाट बघतात ती शेवटच्या ओळीची. त्या ओळीतला ‘सदा’ ती एका सुरावर इतका लांब धरते की अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून येतात. लहानपणी आम्ही मुठीत अक्षता घेऊन मनातल्या मनात आकडे मोजायचो. भावाच्या लग्नात ती सतरापर्यंत गेली होती. वडील म्हणाले होते की सोळाच, कारण शेवटचा एक त्यांना पटला नव्हता.

यंदा भाचीचं लग्न ठरलं, तेही हैदराबादला. डॉक्टरांनी आईला एवढ्या प्रवासाला साफ नाही सांगितलं. भाचीला मराठी सगळं समजतं, बोलता अर्धंच येतं. तिने मला फोन केला आणि म्हणाली, “आत्या, आजी नहीं गाएगी तो मैं अंतरपाट के सामने खड़ी ही नहीं होऊँगी.” मग ठरलं की आईचा आवाज माझ्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करायचा आणि मांडवात लावायचा. आई तयार झाली. तिला मनातून वाईट वाटलं होतं, पण लिहायला बसल्यावर ती खुलली.

माइक आला, तो टेबलावर बसवला, आणि एका सकाळी आईने आठही कडवी एका बैठकीत म्हटली. मग आम्ही दोघी ऐकायला बसलो. आवाज एकदम स्वच्छ होता. ती गात असताना स्वयंपाकघरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, त्या रेकॉर्डिंगमध्ये नव्हत्या. शेजारणीच्या मिक्सरचाही मागमूस नव्हता. मी माइकचं तोंड भरून कौतुक केलं. तंबोरा तेवढा सुरुवातीला क्षणभर वाजून कुठेतरी गेला होता; मी म्हटलं, लांब ठेवला असेल. शेवटची ओळ आली. ‘सदा’ दोन मोजेपर्यंत नीट आला, तिसऱ्याला बारीक झाला आणि मग नुसती शांतता. त्या शांततेनंतर ‘मंगलम्’ पुन्हा खणखणीत.

आई पुन्हा लाव म्हणाली. पुन्हाही तेच झालं.

माझा पहिला संशय वायरवर, म्हणजे दुकानदारावर. मी काही विचारायच्या आधीच त्याने वायर ओरिजिनल असल्याची शपथ घेतली, आणि न विचारता शपथ घेणाऱ्या माणसावर माझा कधीच विश्वास बसत नाही. त्याला वायर बदलायला लावली. फरक पडला नाही. मग विजेवर संशय आला. फ्रिज बंद केला, इन्व्हर्टर बंद केला, पंखा बंद करून घामाघूम होऊन रेकॉर्डिंग केलं. इलेक्ट्रिशियन भैयाला बोलावून अर्थिंग बघायला सांगितलं. त्याने ते पाच मिनिटांत बघितलं आणि ठीक आहे म्हणाला, तेव्हा मला अर्थिंगपेक्षा त्याचाच जास्त संशय आला.

मग वहिनी, भाचीची आई. आदल्या रविवारी ती पत्रिका द्यायला आली होती आणि फोटो पाठवायला माझ्या कॉम्प्युटरवर दहा मिनिटं बसली होती. त्याच दिवशी ती सहज म्हणाली होती की हल्ली लग्नात इतक्या लांब मंगलाष्टकांना वेळ कुठे असतो, गुरुजीच घाई करतात. मनात शंकेची पाल चुकचुकली. एवढ्यावरून दोन आणि दोन मी सहज पाच केले. फोन करून आडूनआडून विचारलं, तू काही बटण दाबलं होतं का, काही चुकून झालं का. वहिनी काही दूधखुळी नाही.

“ताई, तुम्ही मला विचारून राहिल्या की माझं नाव लावून राहिल्या?” ती म्हणाली.

मी सारवासारव केली. त्यानंतर चार-पाच दिवस तिचा फोन आला नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं गप्प बसणंही मी पुराव्यात धरलं.

वायर गेली, वीज गेली, वहिनीचं काही सिद्ध होईना. मग उरली आई. खोलीत बसून मला तिचा ‘सदा’ पूर्ण ऐकू यायचा, पण मी मनाशी म्हटलं, शेवटी शेवटी तिचा आवाज इतका पातळ होत असेल की माइकपर्यंत पोचत नसेल. की दम संपत आला की ती तोंड फिरवते? मी तिच्यासमोर फोनमधलं घड्याळ लावून बसू लागले. माइक तिच्या ओठांना लागेल इतका जवळ आणला. हनुवटी वर कर, मान हलवू नको, जोर लाव, असं मी माझ्या आईला सांगत होते. जिने मला सा लावायला शिकवलं तिला. ती बिचारी ऐकत होती. पाचव्यांदा गाऊन झाल्यावर तिने माझे हेडफोन मागून घेतले, डोळे मिटून शेवटची ओळ ऐकली आणि हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“माझा दम गेला,” ती म्हणाली. “तुम्ही लोकं प्रेमापोटी सांगून नाही राहिले. मशीन काहून खोटं बोलेल?”

तिने तंबोरा बंद करून कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी दहा वाजले तरी तो बाहेर निघाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वडील गेले तेव्हा तेराव्यानंतर चौदाव्या दिवशी ही बाई गायला बसली होती. आता ती सकाळभर खिडकीत बसून मेथी निवडायची, आणि निवडून झाली की निवडलेलीच पुन्हा निवडायची. मला भीती वाटली. लग्नाला दोन आठवडे होते, पण लग्नाची भीती वेगळी आणि ही वेगळी. मी भाचीला काहीबाही सांगून वेळ मारून नेली.

चौथ्या दिवशी जेवताना आईने ताटातून मान वर न करता विचारलं, “तूच तर नाही कापून राहिली माझा आवाज? तुला लाज वाटत असेल तर तसं सांग.”

माझं डोकंच फिरलं. वायर मी बदलली, उकाड्यात पंखा बंद करून मी बसले, वहिनीशी वाकडं मी घेतलं, आणि हिचा संशय माझ्यावर. मी म्हटलं, तू वडिलांच्या वरताण झालीस. नको ते बोलले, ताट अर्धं ठेवून उठले. खाई त्याला खवखवे म्हणतात. मला काहीच खवखवत नव्हतं, म्हणून मी स्वतःला निर्दोष समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला माझी ऑफिसची मीटिंग होती. मी कॉम्प्युटरसमोर बोलत होते आणि आई स्वयंपाकघरात लोखंडी खलबत्त्यात दाणे कुटत होती. राग होता तिच्या हातात. टेबलसुद्धा हादरत होतं. मी बोलता बोलता थांबून सगळ्यांना आवाजाबद्दल सॉरी म्हटलं. आमच्यातली एक मुलगी म्हणाली, “किस आवाज़ के लिए, दीदी? आपके यहाँ से तो कभी कुछ आता ही नहीं.”

खलबत्ता धाडधाड चालू होता. तेव्हा कुठे मला आठवलं.

आई आली त्याच आठवड्यातली गोष्ट. दहाची मीटिंग आणि दहाचा तिचा रियाज. कोणीतरी हसून म्हणालं होतं, दीदी के घर सत्संग चल रहा है. सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले होते. मीटिंग संपल्याबरोबर मी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरले आणि शोधून शोधून माइकचं एक बटण चालू केलं. बोलणाऱ्याचा आवाज ठेवायचा आणि मागचे बाकी आवाज गाळून टाकायचे, असं त्याचं काम. दुसऱ्या दिवशी मुद्दाम विचारलं होतं, आता काही येतं का? काहीच नाही म्हणाले. मला बरं वाटलं होतं, आणि मग मी ते विसरून गेले.

बटण मीटिंगपुरतं नव्हतं, त्या कॉम्प्युटरशी जोडलेल्या प्रत्येक माइकला लागू होतं. एकसारखा चालणारा आवाज आला की ते काढून टाकायचं. कुकर, मिक्सर, तंबोरा. आणि एका सुरावर न हलता धरलेला ‘सदा’ त्याच्या लेखी पंख्याची घरघरच. सूर जितका पक्का, तितक्या लवकर तो पुसायचा. आई जरा बेसूर असती तर कदाचित वाचली असती. कुकरची शिट्टी न ऐकणाऱ्या माइकवर मला एकदाही संशय आला नाही. गुपचूप बसलेला नग तोच होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

मीटिंग कशीबशी संपवली, बटण बंद केलं आणि स्वयंपाकघरात गेले. दाण्यांचं कूट झालं होतं, तरी ती कुटतच होती. मी तिला म्हटलं, तुझा दम गेलेला नाही, कॉम्प्युटर आवाज गाळत होता.

“कोणं सांगितलं होतं त्याला?”

माझ्याजवळ सांगायला वायर होती, वीज होती, कंपनी होती. तिला कॉम्प्युटरमधलं काय कळणार होतं, काहीही सांगितलं असतं तरी खपलं असतं. ते विचार माझ्या मनात येऊन गेले, हे लिहितानाही लाज वाटते.

“मीच,” मी म्हटलं. “मीटिंगमध्ये तुझं गाणं जायचं. लोक हसले होते.”

तिने बत्ता खाली ठेवला आणि पदराला हात पुसले. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“मला सांगायचं होतं ना,” ती म्हणाली. “मी हळू गायली असती.”

त्याच संध्याकाळी ती गायला बसली. मी काहीच बंद केलं नाही. पंखा होता, बाहेर भाजीवाला ओरडत होता, शेजारणीचा मिक्सर होता. रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं आलं, आणि या सगळ्याच्या खाली तंबोरा अखंड वाजत राहिला. शेवटचा ‘सदा’ मी मोजला. तेरा. भावाच्या लग्नातल्या सतरापेक्षा चार कमी, पण तेरा पूर्ण. आईने दोनदा ऐकलं. भाजीवाला राहू दे, लग्नात गोंगाट असतोच, असं म्हणाली. मी ते हैदराबादला पाठवलं आणि मग वहिनीला फोन करून माफी मागितली. ती म्हणाली, जाऊ द्या ताई, पण अजून पुरतं गेलेलं नाही हे मला कळतं.

पुढच्या सोमवारी पुन्हा दहाची मीटिंग होती. बटण बंदच ठेवलेलं. दहा वाजून पाच झाले, दहा झाले, आईच्या खोलीतून काही ऐकू येईना. पुन्हा तंबोरा कपाटात गेला की काय, या संशयाने मी उठून बघायला गेले. तंबोरा पुढ्यात होता, पण आवाज इतका कमी केलेला की कान लावावा लागेल. ती डोळे मिटून बसली होती आणि नुसते ओठ हलवत होती. माझी चाहूल लागली तशी थांबली.

“झाली तुझी मीटिंग?” तिने कुजबुजत विचारलं.

“चालू आहे,” मी म्हटलं. तंबोऱ्याचा आवाज वाढवला आणि दार उघडं ठेवून कॉम्प्युटरसमोर येऊन बसले.